दरवाजे किती उघडले ते कळतं, पाणी कुठवर येणार ते सांगा

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
आपत्ती व्यवस्थापन तथा जलसंपदा (विदर्भ, तापी व कोकण),
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: शहरांच्या आपत्ती आराखड्यांसोबत धरणाखालच्या गावांचा आराखडाही नव्याने लिहिण्याबाबत

साहेब, सप्रेम नमस्कार.

आपत्ती व्यवस्थापन कायद्यात 2025 साली दुरुस्ती झाली आणि राज्यांच्या राजधान्या व महानगरपालिकांची शहरं यांच्यासाठी स्वतंत्र आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची सोय झाली. चांगलं झालं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदी लोकांच्या घरांत शिरली, तेव्हाच शहराचा आराखडा नव्याने लिहायची वेळ आली हे दिसलं होतं. शहरानं आपले नाले तपासावेत, पंप मोजावेत, कोणत्या वस्तीत बोट कुठून न्यायची ते पावसाळ्याआधी ठरवावं. त्याला आमची हरकत कशी असेल? आमची पोरं तिथंच खोल्या करून शिकतात.

पण विदर्भात महानगरपालिका चार: नागपूर, अमरावती, अकोला आणि चंद्रपूर. वैनगंगेच्या काठावर त्यातली एकही नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या जिल्ह्यांत तर महानगरपालिकाच नाही. म्हणजे 2020 साली जिनं भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावंच्या गावं पाण्यात घातली, त्या नदीच्या काठाला या नव्या तरतुदीतलं काहीच मिळत नाही. नागपूरचं सांडपाणी नागनदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला बिनचूक येऊन पोहोचतं. शहराचा आराखडा मात्र मनपाच्या हद्दीवरच थांबतो. बोलणं कडू लागलं तर राग मानू नका.

मी लाखांदूर तालुक्यातला धान पिकवणारा माणूस. आमचं गाव वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या खाली. नदीपलीकडे ब्रह्मपुरी तालुका, म्हणजे चंद्रपूर जिल्हा. काठानं थोडं खाली गेलं की देसाईगंज, म्हणजे गडचिरोली जिल्हा. एकाच पुराला जिल्हाधिकारी तीन, नियंत्रण कक्ष तीन आणि व्हॉट्सॲपचे ग्रुप किती ते कोणी मोजले नाहीत. त्यात आमच्याकडे चुलबंद नदी आहे. वैनगंगा भरून चालली की चुलबंदीचं पाणी तिच्यात उतरत नाही, ते मागे फुगतं. त्यामुळे कित्येकदा पूर समोरून यायच्या आत पाठीमागून येतो. वैनगंगेपासून लांब आहोत म्हणून निवांत झोपलेल्या घरांत आधी पाणी शिरतं. नकाशावर नदीला समांतर रेघ ओढून ‘पूरप्रवण गावे’ ठरवणाऱ्याला हे दिसत नाही.

आता मुद्द्याचं. पावसाळ्यात आमच्या मोबाइलवर जो संदेश येतो, तो साधारण असा असतो: गोसीखुर्द धरणाच्या 33 पैकी अमुक दरवाजे अर्ध्या मीटरने उघडले असून विसर्ग अमुक क्युमेक्स आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. संदेश खोटा नसतो, बहुतेक वेळा उशिराही नसतो. पारावर कोणीतरी विचारतो, “किती सोडलन गा?” ज्याच्या हातात फोन असतो तो आकडा वाचतो. मग सगळे एकमेकांकडे पाहतात. “मंग पाणी बोडीवरी येते का मारुतीवरी?” पाणी तळ्यापर्यंत येणार की मारुतीच्या देवळापर्यंत, याचं उत्तर त्या संदेशात नसतं. ते ग्रामसेवकाला ठाऊक नसतं, आणि तहसीलला फोन लावला तर तिथल्या माणसाकडेही तोच संदेश असतो. सतर्क राहावे म्हणजे काय करावं, साहेब? नदीवरची मोटार काढून आणावी की घरातली म्हातारी बाहेर काढावी? दोन्हींना लागणारी माणसं तीच, वेळही तेवढीच.

त्यात एककांचा घोळ. क्युमेक म्हणजे सेकंदाला हजार लिटर पाणी, क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. फरक 35 पटींचा. एका ग्रुपवरून दुसऱ्यावर जाताना क्युमेकचं क्युसेक कधी होतं ते कळत नाही. मग अर्धं गाव उगाच घाबरतं, किंवा उगाच निर्धास्त राहतं. त्यातलं दुसरं जास्त महागात पडतं.

माझं मागणं एवढंच आहे की धरणातून सुटणाऱ्या पाण्याचा आकडा प्रत्येक गावाच्या खुणेत बदलून द्या. इतका विसर्ग असेल तर आमच्या गावात पाणी स्मशानभूमीच्या शेडपर्यंत, त्याहून इतका वाढला तर हातपंपापर्यंत, त्यावर गेला तर शाळेच्या पायरीला, आणि दरवाजे उघडल्यापासून इथवर यायला अंदाजे इतके तास. प्रत्येक गावात विजेच्या खांबावर, समाजमंदिराच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीच्या खांबावर तीन रंगांचे पट्टे मारा. पिवळा दिसला की मोटारी काढायच्या, केशरीला जनावरं, लाल यायच्या आत माणसं. संदेशात क्युमेक राहू द्या, अभियंत्यांना तो लागतो, पण त्याच ओळीत गावाचं नाव आणि पट्ट्याचा रंग असू द्या.

हे अवघड आहे असं मला सांगू नका. किती पाणी वाहिलं की नदीची पातळी किती चढते, याचे तक्ते जलसंपदा विभागाकडे आणि केंद्रीय जल आयोगाकडे असतात. भंडाऱ्याला कारध्याच्या पुलाजवळ धोक्याची पातळी 245.50 मीटर आहे. तिथल्या लोकांना तो आकडा पाठ आहे, कारण त्या आकड्याला कोणाच्या गल्लीत पाणी येतं ते त्यांनी स्वतः पाहिलेलं आहे. समुद्रसपाटीपासूनचे मीटर त्यांना कोणी शिकवले नाहीत. धरणाखालच्या आम्हाला तेवढंच हवं आहे. धरण सुरक्षा अधिनियम 2021 नुसार धरणाच्या मालकानं आपत्कालीन कृती आराखडा करायचा आहे. जुन्या धरणांना त्यासाठी पाच वर्षं दिली होती, ती 2026 च्या अखेरीस भरतात. खाली पाणी कुठवर पसरेल याचा नकाशा अशा आराखड्याचाच भाग असतो. तो कार्यालयाच्या कपाटात असेल तर आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर का नसावा?

खुणांचं म्हणाल तर आमच्याकडे एक होती. 2020 च्या पुराची रेघ शाळेच्या भिंतीवर उमटली होती, गाळाची, खिडकीच्या खाली हातभर. पोरं तिच्याशी उंची मोजायची. पुढे शाळेची रंगरंगोटी निघाली आणि त्या भिंतीवर पाढे व फुलपाखरं आली. फुलपाखरं छान आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. रंगवणाऱ्याला ती रेघ काय आहे हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि ती जपणं कोणाच्या कामात बसत नव्हतं.

2020 चं तुम्हाला आठवत असेल. ऑगस्टचा शेवट होता, कोरोना चालू होता. मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून मोठा विसर्ग झाला, कन्हानचं पाणी त्यात आलं, गोसीखुर्दचे सगळे 33 दरवाजे उघडावे लागले. चारही बाजूंनी वैनगंगेनं वेढलेलं लाडज गाव आमच्या पलीकडच्या काठाला. तिथली माणसं बोटींनी काढावी लागली. दोन राज्यांच्या निरोपांत ताळमेळ राहिला नाही, हे तेव्हा उघडपणे बोललं गेलं. त्याहून जुनं बोलायचं तर 30 जुलै 1991 ला वर्धा नदीनं नरखेड तालुक्यातलं मोवाड एका सकाळी धुऊन नेलं, दोनशेहून अधिक माणसं गेली. मोवाडच्या वेळी मोबाइल नव्हते असं म्हणता येतं. 2020 ला ते सगळ्यांच्या खिशात होते.

बोटींबद्दल बोलतो. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपूरला, एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय दलाची बटालियन पुण्याला. ती मंडळी जिवावर उदार होऊन काम करतात, मी त्यांना पाहिलं आहे. पण त्यांना इथवर यायला रस्ता लागतो, आणि आमच्या रस्त्यांवर नाल्यांचे रपटे, म्हणजे ठेंगणे पूल आहेत, जे पहिल्या जोरदार पावसातच बुडतात. त्या मधल्या तासांत लोकांना काढतो तो गावातला ढीवर, म्हणजे मासेमार, आपल्या डोंग्यातून. नदीचा भोवरा कुठे आहे, बुडालेल्या कुंपणाच्या तारा कुठे आहेत, हे त्याला दिवे नसतानाही माहीत असतं. आराखड्यात मात्र बोटी म्हणजे तालुक्याला ठेवलेली रबरी बोट आणि तिचं इंजिन. एका वर्षी आमच्या भागातली ‘पट्टीच्या पोहणाऱ्यांची यादी’ मी पाहिली. त्यात एक जण वारलेला होता, एक पुण्याला कंपनीत लागलेला, आणि तिसरा माझा चुलत भाऊ, त्याला पोहता येतं हे आम्हा घरच्यांना त्या यादीवरूनच कळलं. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 31 प्रमाणे जिल्ह्याच्या आराखड्याचा दरवर्षी आढावा घेऊन तो अद्ययावत करायचा असतो. मुखपृष्ठावरचं साल बदलणं एवढाच त्याचा अर्थ राहिला तर याद्या अशाच होतात. ढिवरांच्या मच्छीमार सोसायट्या गावोगावी आहेत. त्यांच्याशी पावसाळ्याच्या चार महिन्यांचा करार करा, लाइफ जॅकेट द्या, डोंगा फुटला तर दुरुस्तीचे पैसे द्या. माणूस काढल्यावर तहसीलच्या पायऱ्यांवर सत्काराचा नारळ देण्यापेक्षा ते बरं.

आणखी एक, जे मुंबईत बसून लक्षात येणं कठीण आहे. लोक घर सोडत नाहीत ते अडाणी आहेत म्हणून नाही. दावणीला म्हैस आहे म्हणून सोडत नाहीत. निवाऱ्यासाठी शाळा ठरलेली असते, खिचडीही ठरलेली असते, गुरं कुठे बांधायची ते मात्र कोणत्याच पानावर नसतं. शासनाच्या मदतीच्या दरात दुभत्या जनावराला 37,500 रुपये धरले आहेत. पण मेलेलं जनावर पंचनाम्याला दाखवावं लागतं. वाहून गेलेली म्हैस दाखवायची कुठून? ती तर तेलंगणाच्या वाटेला लागलेली असते. म्हणून माणूस रात्रभर गळ्याइतक्या पाण्यात तिचं दावं धरून उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी बातमीत ‘सूचना देऊनही नागरिक हलले नाहीत’ असं छापून येतं. प्रत्येक गावाच्या आराखड्यात उंचावरचं एक गुरांचं ठिकाण, तिथे चारा आणि पाण्याची टाकी, एवढं लिहिलं तर अर्धी माणसं न सांगता निघतील.

आभाळातून पडणाऱ्या विजेचंही ओझरतं सांगतो. रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत बायका बांधीत वाकलेल्या असतात, आभाळ कधी भरून आलं ते त्यांना मान वर केल्यावर दिसतं. दामिनी ॲप चांगलं आहे, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं, वीज कुठे पडू शकते ते सांगतं. पण फोन धुऱ्यावरच्या पिशवीत, पन्नीत गुंडाळलेला. गावात भोंगा आहे, तो त्या ॲपच्या इशाऱ्याला वाजवायची जबाबदारी कोणावर तरी टाका आणि त्याला त्याचं मानधन द्या. उन्हाचं, आगीचं मी इथे लिहीत नाही, पत्र लांबेल.

हे सगळं तुम्हालाच का लिहितो आहे? कारण खातेवाटपात असा योग आला आहे की विदर्भातलं धरणांचं खातं आणि आपत्ती व्यवस्थापनाचं खातं एकाच मंत्र्याच्या टेबलावर आहे. एरवी दरवाजे उघडणारा एका विभागाचा आणि लोकांना उठवणारा दुसऱ्या विभागाचा, दोघं एकमेकांना पत्र लिहिणार, प्रत माहितीस्तव तिसऱ्याला. आता ती सबब उरलेली नाही. तुमच्या एका विभागाकडचा तक्ता तुमच्याच दुसऱ्या विभागाला द्यायचा आहे, आणि तीन जिल्हाधिकाऱ्यांना एका खोलीत बसवून गोसीखुर्दपासून खालच्या काठाचा एकच आराखडा लिहून घ्यायचा आहे. मध्य प्रदेशाशी बोलणंही तुमच्याच पातळीवर होऊ शकतं, आमचा सरपंच भोपाळला फोन लावू शकत नाही.

सुरुवात साधी आहे. 1 मेच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर, नदीकाठच्या प्रत्येक गावात, ‘गावाचा पूर आराखडा वाचून दाखवणे व दुरुस्त करणे’ हा विषय पहिला घ्यायला लावा. तलाठी, पोलीस पाटील, आशाताई, धरणावरचा एक शाखा अभियंता आणि ढिवरांचा एक म्हातारा, एवढी माणसं समोर बसली पाहिजेत. अभियंत्यानं आकडा सांगावा, म्हाताऱ्यानं पाणी कुठवर येतं ते सांगावं, आणि तिथंच रंगाचा डबा उघडावा. त्याचं परिपत्रक मात्र मार्च संपायच्या आत काढा. एप्रिलच्या शेवटी निघालेलं परिपत्रक आमच्याकडे जूनमध्ये पोहोचतं, आणि तोवर आम्ही नांगरणीत अडकलेलो असतो.

आपला,
वैनगंगाकाठचा एक धान उत्पादक शेतकरी
ता. लाखांदूर, जि. भंडारा