लायसन्स माझ्याच लॅपटॉपमध्ये होतं: शेजारच्या सूनबाईस पत्र

गावभाग, सांगली

चि. सौ. सूनबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं नाव कुठं घालायचं नाही ही तुझी अट मी पाळते आहे. पत्र मात्र उघडं लिहिते आहे. आपल्या बोळात निदान दहा-बारा घरांत जुने कॉम्प्युटर आहेत. चार संध्याकाळी शेजारी बसून तू मला जे समजावलंस, ते त्या घरांतही पोचायला हवं. आणि आभार मानायचे तर ते कशाबद्दल, हेही नीट सांगायला हवं.

लग्न होऊन तू इथं आलीस त्याला दोन वर्षं झाली. तू जतकडची, एवढंच आम्हा सगळ्यांना ठाऊक. दिवसभर कानाला हेडफोन लावून तू खोलीत काय करतेस, हे मी एकदाही विचारलं नाही. पुण्यातल्या कंपनीच्या माणसांचे अडलेले कॉम्प्युटर तू इथं बसून मार्गी लावतेस, हे मला कळलं ते माझाच लॅपटॉप अडला तेव्हा.

तो लॅपटॉप २०१८ चा. निवृत्तीनंतर मी स्वतःसाठी केलेला पहिला मोठा खर्च. त्यात बचत गटाचे हिशेब आहेत, आणि त्याहून मोलाचं म्हणजे जात्यावरच्या ओव्या. काही माझ्या आईच्या तोंडच्या, काही मी ज्या ज्या गावच्या शाळेत होते तिथल्या बायकांनी सांगितलेल्या. सहाशेच्या वर आहेत. त्यातल्या कितीतरी जणी आता नाहीत. दोन-तीन वर्षांनी लॅपटॉप मंदावला, तेव्हा मी तो एका दुकानात दिला. त्यांनी फॉरमॅट मारून, नवीन विंडोज टाकून दिलं आणि आठशे रुपये घेतले. लायसन्सबद्दल मी विचारलं नाही आणि त्यांनीही काही सांगितलं नाही. पुढं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबल्याचं वाचलं आणि परत तिथंच गेले. "हजार रुपये द्या, अकरा टाकून देतो. लाइफटाइम," असं उत्तर मिळालं. पैसे काढून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप नेऊन द्यायचा, आणि त्या संध्याकाळी तू वाटी परत द्यायला आलीस.

तुझं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या त्या ढालीच्या चित्राकडं गेलं. "बाई, अँटिव्हायरस तुम्ही बंद केलाय?" मी केला नव्हता. मग तू ती काळी खिडकी उघडलीस आणि एक छोटी कमांड दिलीस. ती मी वहीत लिहून घेतली आहे: एस, एल, एम, जी, आर, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि लगेच एक्स, पी, आर. उत्तरात एक तारीख आली. चार-पाच महिन्यांनंतरची. तू म्हणालीस, "घरच्या लॅपटॉपच्या विंडोजला मुदत नसते. इथं 'कायमचं ॲक्टिव्हेट' असं यायला हवं. तारीख आली म्हणजे हे कुठल्यातरी संस्थेच्या पद्धतीचं लायसन्स आहे, आणि तुम्ही काही संस्था नाही."

लायसन्सचे प्रकार तू ज्या दाखल्यांनी सांगितलेस ते माझ्या डोक्यात कायमचे बसले. लॅपटॉपबरोबर येतं ते ओईएम लायसन्स, म्हणजे घराचं नळ कनेक्शन. घर आहे तोवर ते आहे, उपटून दुसऱ्या घरी नेता येत नाही. वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स हे गॅसच्या कनेक्शनसारखं. बदलीच्या गावी ते आपल्याबरोबर जातं, फक्त जुन्या जागेचं बंद करावं लागतं. तिसरं कंपन्या-कॉलेजांसाठीचं. त्याचा दाखला मीच दिला आणि तू मान हलवलीस: शालेय पोषण आहाराचा तांदूळ. तांदूळ खराच असतो, पण तो शाळेच्या नावावर आलेला. तो घरी नेऊन शिजवायचा नाही, हे मी निवृत्तीपर्यंत पाळलं होतं.

मग माझ्या लॅपटॉपमध्ये नेमकं काय चाललं होतं तेही तू सांगितलंस. संस्थेतले कॉम्प्युटर आपल्या संस्थेच्या सर्व्हरला, म्हणजे मुख्य कॉम्प्युटरला, विचारून ॲक्टिव्हेट होतात, १८० दिवसांसाठी, आणि मुदत संपायच्या आत पुन्हा पुन्हा विचारत राहतात. दुकानातून टाकलेला क्रॅक, म्हणजे लायसन्सला चकवणारा प्रोग्राम, माझ्याच लॅपटॉपमध्ये तसल्या सर्व्हरचं सोंग घेऊन बसला होता आणि गुपचूप मुदत वाढवत होता. त्याला जगू द्यायचं तर अँटिव्हायरसला गप्प करावं लागतं. म्हणून ती ढाल बंद. म्हणजे कुणा अनोळखी माणसानं लिहिलेला प्रोग्राम, सगळे अधिकार हातात घेऊन, चार वर्षं माझ्या घरात बसलेला होता. त्याच लॅपटॉपवरून मी गटातल्या बायकांच्या बँकेच्या खात्याचे व्यवहार पाहत होते. हे ऐकल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ६३ब आहे, १९९४ मध्ये घातलेलं, आणि चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला त्यात दंडही आहे नि कैदही, हे मी नंतर वाचलं. पण झोप उडाली ती गटातल्या बायकांच्या पैशांमुळं.

आणि मग तू दुसरी कमांड दिलीस. पडद्यावर पंचवीस अक्षरं-आकडे आले, पाच-पाचाचे पाच गट. "बाई, ही तुमची चावी. लॅपटॉप घेतला तेव्हाच तुम्ही हिचे पैसे भरलेत."

हे मी बोळात सगळ्यांना सांगत सुटले आहे, तरी इथं पुन्हा लिहिते. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून कंपन्या ही चावी लॅपटॉपच्या मदरबोर्डवरच्या चिपमध्ये भरून देतात. म्हणून नव्या लॅपटॉपच्या बुडाला चावीचं स्टिकर नसतं. हार्डडिस्क कितीदाही पुसली तरी ती चावी जात नाही. माझ्या लॅपटॉपचं लायसन्स होतं 'होम सिंगल लँग्वेज'चं, म्हणजे विंडोजच्या घरगुती आवृत्तीचं. दुकानानं त्यावर 'प्रो' ही दुसरी आवृत्ती चढवली. चिपमधली चावी होमची, वर बसवलेलं प्रो, दोघांची गाठ पडेना. ती पडेना म्हणून क्रॅक. तेव्हा त्यांनी होमच टाकलं असतं तर ते इंटरनेट लागताच आपोआप ॲक्टिव्हेट झालं असतं, कुणाला काही करावं लागलं नसतं. माझ्याकडं खरं लायसन्स असताना मला खोटं दिलं गेलं आणि वर पैसे घेतले गेले. याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही.

तुझ्याबद्दल मला जो आदर वाटतो तो मात्र पुढच्या कामामुळं. प्रोवरून होमवर नुसती चावी बदलून येता येत नाही, सगळं पुसूनच टाकावं लागतं, हे कळल्यावर मी म्हटलं, टाक पुसून. तू थांबलीस. "आधी ओव्या," म्हणालीस. युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी नीट दिसायची पद्धत, यायच्या आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये मी त्या टाइप केलेल्या. तो फॉन्ट नसला की त्या फायलीत नुसतं इंग्रजी अक्षरांचं भरताड दिसतं. नुसत्या कॉपी करून ठेवल्या असत्या तर फायली वाचल्या असत्या आणि ओव्या गेल्या असत्या. तू त्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणल्यास. रफार भलत्याच अक्षरावर गेले होते, पहिल्या वेलांट्या पुढं सरकल्या होत्या. दोन संध्याकाळी तू जुनी फाइल मोठ्यानं वाचलीस आणि मी नवी दुरुस्त केली. जतकडच्या तुझ्या हेलात आईच्या ओव्या ऐकताना मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. मध्येच एका ओवीला तू थांबलीस आणि म्हणालीस, आमची आजी हिचा शेवट वेगळा करायची. तो शेवटही मी लिहून घेतला आहे, तुझ्या आजीच्या गावाच्या नावासह.

सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर गेलं. ती तू तुझ्या लॅपटॉपला लावून प्रत्येक फोल्डरमधली एक-एक फाइल उघडून दाखवलीस, आणि त्यानंतरच पुसायला हात घातलास. दुकानात हे कुणी केलं नव्हतं.

इन्स्टॉलेशन त्या मानानं लवकर झालं. आठ जीबीचा पेनड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून उतरवलेलं विंडोज ११, आणि वायफायचा ड्रायव्हर आधीच वेगळा काढून ठेवलेला. तो नसता तर मध्येच इंटरनेटसाठी अडलो असतो. लॅपटॉपचा प्रोसेसर आठव्या पिढीचा निघाला, म्हणून ११ चालणार होतं. टीपीएम नावाचं सुरक्षेचं साधन मात्र बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू करावं लागलं. होम की प्रो, असं त्यानं विचारलंच नाही. चिपमधली चावी वाचून आपलं आपण होम सिंगल लँग्वेज बसलं. विंडोज १० ची चावी ११ लाही चालते, हे मला तोवर माहीत नव्हतं. सगळं झाल्यावर मी स्वतः ती कमांड दिली. तारीख आली नाही. 'कायमचं ॲक्टिव्हेट' असं आलं. उठण्याआधी तू माझ्याकडून वहीत ४८ आकडी रिकव्हरी की लिहून घेतलीस, कारण आता डिस्क कुलूपबंद झाली आहे आणि कधी अडली तर तोच आकडा उपयोगी पडेल.

मग खालच्या डेस्कटॉपचा विषय निघाला. तो २०११ चा, विंडोज ७ चं स्टिकर अजून कॅबिनेटला आहे. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पुराचं पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ च्याही वर गेलं, तेव्हा मी लॅपटॉप पाठीला लावून विश्रामबागेत नणंदेकडं गेले. डेस्कटॉप टेबलावर विटा रचून ठेवला होता, तरी बुडाला. पुढं त्यात दुसरा मदरबोर्ड आणि दुसरी डिस्क घातली. मी तुला आनंदानं स्टिकर दाखवलं, हे तर आपलंच आहे ना. तू हळू आवाजात सांगितलंस की ते लायसन्स बुडालेल्या बोर्डाचं होतं. कंपनीनंच बिघडलेला बोर्ड बदलून दिला असता तर गोष्ट वेगळी. आपण दुसरा घातला की तो नवा कॉम्प्युटर धरतात. स्टिकर उरलं, लायसन्स कृष्णेत गेलं. त्यातून जुन्या ७ च्या चावीवर पुढचं विंडोज घ्यायची जी वाट होती, तीही मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली.

ऑनलाइन तीनशे रुपयांना चाव्या मिळतात, त्या घेऊ का, असं मी विचारलं. तू म्हणालीस, इतक्या स्वस्त चाव्या बहुधा कुठल्यातरी संस्थेच्या कोट्यातून फुटलेल्या असतात, आज चालतात नि उद्या बंद होतात. म्हणजे पुन्हा पोषण आहाराचाच तांदूळ. मग तू विंडोजच्या जागी चालणारं, फुकट मिळणारं लिनक्स मिंट टाकलंस. त्याला दोन जीबी मेमरी पुरते, माझ्या डेस्कटॉपमध्ये चार आहे. मी म्हटलं, म्हणजे याला लायसन्स नाही. तू मला तिथंही दुरुस्त केलंस. लायसन्स आहे, जीपीएल नावाचं, फक्त ते हात बांधत नाही: वापरा, आतलं उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या, आणि देताना हेच हक्क त्यालाही द्या. लिनस टॉरव्हाल्ड्सनं १९९१ मध्ये सुरू केलेलं लिनक्सचं काम आज आपल्या बोळातल्या एका पुरातून वाचलेल्या डब्यावर चालतं आहे. ओव्याही अशाच आल्या माझ्यापर्यंत. ज्या बाईनं दिल्या तिनं त्या कुणाकडून तरी घेतल्या होत्या, आणि तुझ्या आजीनं शेवट बदलला होता.

पैसे तू घेतले नाहीस. भडंग आणि शेंगदाण्याची चटणी घेतलीस, तीही सासूबाईंनी सांगितल्यावर. ते हजार रुपये मी तसेच ठेवले होते. त्यांत बचत गटासाठी एक बाहेरची हार्डडिस्क घेण्याची सुरुवात केली आहे, बाकीचे गटातून येतील.

आणखी एक. परवा गटातल्या एक बाई मुलीचा लॅपटॉप घेऊन आल्या, फॉरमॅटला द्यायला निघाल्या होत्या. मी ती कमांड दिली. तारीख आली. मी त्यांना एवढंच सांगितलं की अजून कुठं देऊ नका, घेतल्याचं बिल शोधा आणि मुलीच्या कॉलेजच्या फायली कुठं कुठं आहेत ते तिलाच विचारून लिहून आणा. चावीची दुसरी कमांड मोठी आहे, ती मला अजून न चुकता येत नाही. रविवारी तुला सुट्टी असेल तर आम्ही दोघी चारला येतो. पेनड्राइव्ह मी आणते.

तुझी,
बाई