बीज फुटायच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय देऊ नका

मा. संपादक यांस,

लग्नाला दोन वर्षं झाली, दिवस राहत नव्हते, तेव्हा ओळखीतल्या एका बाईंनी गोळीचं नाव सांगितलं, क्लोमिफेन, पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस घे म्हणाल्या, त्यांच्या सुनेला गुण आला होता. गावातल्या मेडिकलवाल्याने काही विचारलं नाही. कात्रीने पाच गोळ्या कापून कागदाच्या पुडीत दिल्या. "डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकावी" असं जिथे छापलेलं असतं तो स्ट्रिपचा तुकडा त्याच्याकडेच राहिला.

अशा मी आठ महिने घेतल्या. ऐन जानेवारीत रात्री अंगाची लाही व्हायची, पंखा लावून बसायचे, डोकं दुखायचं, आणि पाळी आली की सासूबाई काही न बोलता उठून आत जायच्या.

शेवटी तालुक्याला डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न, मिस्टरांचा रिपोर्ट कुठाय? आमच्याकडे नव्हताच, कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी माझ्या गोळ्या बंद केल्या, पुढच्या पाळीला दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड सोनोग्राफीला बोलावलं. तेराव्या दिवशी स्क्रीनवर वाढणाऱ्या बीजाचा काळा गोल दिसला, मॅडम म्हणाल्या एकोणीस एमएम, एकदम व्यवस्थित आहे, एकही गोळी न घेता. आणि मिस्टरांचा शुक्राणूंचा काउंट आला तीन मिलियन, नॉर्मल पंधरा-सोळाच्या वर पाहिजे. आठ महिने गोळ्या मी खाल्ल्या आणि तपासणी लागत होती दुसऱ्याची, तीही चारशे रुपयांची. मिस्टर त्या दिवशी गाडीत एक शब्द बोलले नाहीत, मला त्यांचा राग आला नाही, वाईट वाटलं.

गोळी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही हो. माझ्या मावसबहिणीला पीसीओडी, पाळी दोन-दोन तीन-तीन महिन्यांनी, बीजच फुटत नव्हतं, तिला डॉक्टरांनी लेट्रोझोल दिली. कुणीतरी सांगितलं ही तर कॅन्सरची गोळी, घरात रडारड. खरी गोष्ट अशी की ती मुळात ब्रेस्ट कॅन्सरसाठीच आली, आपल्याकडे 2011 ला वंध्यत्वासाठी वापरायला बंदी होती आणि 2017 ला ती उठली. 2014 मध्ये अमेरिकेत पीसीओएसच्या, म्हणजे या पीसीओडीच्याच, 750 बायकांवर अभ्यास झाला, त्यात लेट्रोझोलवाल्या शंभरातल्या 27-28 जणींना मूल झालं, क्लोमिफेनवाल्या 19 जणींना. बहिणीला तिसऱ्या महिन्यात दिवस राहिले, पण तिची दर महिन्याला सोनोग्राफी होत होती, नवऱ्याचा रिपोर्ट आधी झाला होता, गर्भनळ्या उघड्या आहेत का तेही बघितलं होतं.

कारण या गोळ्या नुसत्या ताकदीच्या नाहीत. क्लोमिफेन मेंदूला असं भासवते की अंगातलं इस्ट्रोजेन कमी झालंय, मग मेंदू जास्त हार्मोन सोडतो आणि बीजं वाढतात, कधी एकाऐवजी दोन-तीन वाढतात. दिवस राहिलेल्या शंभरात पाच-सात जणींना जुळं राहतं. काहींना डोळ्यासमोर चमकल्यासारखं, अंधुक दिसतं, तसं झालं तर लगेच डॉक्टरांना सांगायचं असतं. गर्भाशयाचं अस्तर पातळ होऊ शकतं. सहा पाळ्यांच्या वर सहसा देत नाहीत. मी आठ घेतल्या, बघणारं कुणीच नव्हतं.

मेडिकलवाल्या दादांना हात जोडून विनंती, चिठ्ठी मागा. बाई लाजेने मान खाली घालून नुसतं गोळीचं नाव सांगते, तेव्हा एवढंच विचारा की ताई, सोनोग्राफी झाली का, मिस्टरांची तपासणी झाली का. आणि संपादक साहेब, आपल्या आरोग्याच्या पानावर एकदा पुरुषांच्या तपासणीबद्दल मोठ्या अक्षरात छापा, ते पान आमच्या घरी सासरेही वाचतात.

आपली,
एक वाचक, सातारा जिल्हा