क्रँककेस बदलली, नंबर कुठाय? – वॉरंटीतल्या कामाबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय: वॉरंटीत बदललेल्या क्रँककेसवर इंजिन नंबर नसणे आणि त्याचे पत्र देण्यास टाळाटाळ

महोदय,

लातूरच्या एमआयडीसीत माझा लेथचा कारखाना आहे. गेल्या दसऱ्याला तुमची मोटारसायकल घेतली ती मोंढ्यात फिरायला नव्हे. न्हावाशेवाहून जहाजाने ती केनियातल्या मोंबासाला पाठवायची आणि टांझानिया, झांबिया, नामिबिया करत केपटाऊन गाठायचं, असा बेत आहे. तिकडेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, ही एक सोय.

गाडी निवडताना घाई केली नाही. एकट्याला उचलता येईल एवढं वजन, रेडिएटरची कटकट नसलेलं एअरकूल इंजिन आणि स्पोकची चाकं. अलॉयला तडा गेला की संपलं. स्पोकचं चाक आऊट झालं तर कुठल्याही गावात ताण देऊन सरळ करता येतं. तुम्ही दिलेलं मागचं कॅरिअर 40 किलोच्या पोत्यांसह अंबाजोगाईला दोन चकरा मारल्यावर वेल्डिंगपाशी तडकलं. त्याची तक्रार नाही, पट्टी लावून मीच पक्कं करून घेतलं.

तक्रार वेगळी आहे. दुसऱ्या सर्व्हिसिंगला इंजिनखालून तेल पाझरत होतं. शोरूमने वॉरंटीत क्रँककेस, म्हणजे इंजिन नंबर असतो ते इंजिनचं बाहेरचं कवच, बदलली; पैसा घेतला नाही. मी खूश. पुढे कार्नेटचा, म्हणजे गाडी परदेशात नेण्यासाठी लागणाऱ्या जकातीच्या कागदाचा, अर्ज भरताना आरसीवर विसंबायला नको म्हणून गाडीवरून नंबरांचा छाप घ्यायला बसलो. चेसिसवर कागद धरून पेन्सिल घासली, आकडे उमटले. इंजिनवर घासली, तर कागद नुसता काळा झाला. नव्या केसवर नंबरच नाही!

शोरूममध्ये गेलो तर उत्तर मिळालं, "काका, चालून जातंय. इथं कोण वाकून बघतंय?"

इथे नसेल बघत. पण कार्नेट म्हणजे गाडीचा पासपोर्ट. प्रत्येक सीमेवर आत जाताना एक शिक्का, बाहेर पडताना एक. बाहेर पडल्याचा शिक्का नसेल तर गाडी तिथेच विकली असं धरून जकात मागतात आणि ती माझ्या हमीतून जाते. तिथला कस्टमवाला कागदावरचा नंबर गाडीवर शोधणार. सापडला नाही तर मी त्याला "चालून जातंय" कोणत्या भाषेत सांगू?

आरटीओत गेलो. तिथे म्हणाले, क्रँककेस बदलल्याचं कंपनीचं पत्र आणा, मग बघू. जॉबकार्ड काढलं तर त्यावर "ऑइल लीक दुरुस्त" एवढंच. बदललेल्या केसचा उल्लेख नाही, आणि नंबर असलेली जुनी केस शोरूमने कंपनीकडे परत पाठवलेली. म्हणजे केस बदलली याचा माझ्याकडे पुरावाच नाही. चौथ्या खेपेला मेकॅनिक हळूच म्हणाला, "तुमच्याकडं लेथ हायेच की, मारून घ्या नंबर."

साहेब, नंबर ठोकायचे पंच माझ्याकडे आहेत. पाच मिनिटांचं काम आहे. पण परवानगीशिवाय इंजिनवर नंबर मारणारा माणूस चोरीच्या गाडीचा धनी ठरतो. कुठे आफ्रिकेत अडकलो तर सोडवायला तो मेकॅनिक येणार आहे का?

मला पैसे नकोत. जुनी क्रँककेस कोणत्या तारखेला, का बदलली आणि तिच्यावर कोणता नंबर होता, हे कंपनीच्या लेटरहेडवर हवं. जॉबकार्ड दुरुस्त करून हवं. आणि आरटीओच्या परवानगीने नंबर मारून देण्याचं काम शोरूमने स्वतः उभं राहून करावं. आंतरराष्ट्रीय परवान्याची मुदत एकच वर्षाची असते. माझा निघालाय, दिवस मोजायला लागलेत. पिवळ्या तापाची लसही टोचून झाली.

15 दिवसांत पत्र आलं नाही, तर लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकीन.

आपला ग्राहक,
लातूर

सोबत: आरसी व जॉबकार्डाच्या प्रती, आणि पेन्सिल घासलेले दोन्ही कागद. नुसता काळा झालेला इंजिनचा आहे.