नाताळचा कार्यक्रम बंद करून कुणाचं भलं होणार?

मा. संपादकसाहेब,
स. न. वि. वि.

पत्रांच्या पानावर खड्डे, पाणी, केएमटीच्या बसगाड्या हेच विषय जास्त येतात आणि ते बरोबरच आहे, कोल्हापुरात राहायचं म्हटल्यावर खड्ड्यांवर लिहावंच लागतं, पण आज जरा वेगळं लिहितोय. माझी दोन्ही पोरं शहरातल्या एका ख्रिश्चन प्राथमिक शाळेत जातात, थोरली चौथीत आणि धाकटा दुसरीत. मराठी माध्यम, अनुदानित, जुनी कौलारू इमारत. शाळेचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण विषय एका शाळेपुरता नाहीच. आम्ही मराठा, घरात अंबाबाई आणि जोतिबा, देवघर, उपास, सगळं आहे. हे आधीच सांगून टाकतो म्हणजे काही लोकांचा निम्मा प्रश्न इथंच मिटेल.

झालं असं की दिवाळीची सुट्टी संपली आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकानं मेसेज टाकला, शाळेत रोज सकाळी येशूची प्रार्थना म्हणवून घेतात, नाताळात पोरांना मेंढपाळ आणि देवदूत करतात, हा धर्मप्रचार आहे, आवाज उठवा वगैरे. खाली धडाधड अंगठे. अंगठे देणाऱ्यांपैकी निम्मे लोक पोराला गेटवर सोडून गाडी बंदसुद्धा न करता निघून जाणारे, ते शाळेच्या आत कधी गेलेत का हे मला माहीत आहे. आणि लगेच शाळेकडून निरोप, यंदा नाताळचा कार्यक्रम नाही, जानेवारीत साधं स्नेहसंमेलन घेऊ. मला राग आला, आणि दोघांचाही आला, मेसेजवाल्यांचा आणि इतक्या पटकन गार पडलेल्या मॅनेजमेंटचाही.

सकाळी नेमकं काय होतं ते सांगतो, कारण मी बऱ्याचदा गेटच्या आत उभा असतो, उद्यमनगरात माझी पाळी उशिरा सुरू होते. राष्ट्रगीत होतं, राज्यगीत होतं, प्रतिज्ञा, उद्देशिका, दिनविशेष, म्हणजे कुठल्याही शाळेत होतो तोच परिपाठ. मग पेटीवर एक भक्तिगीत. रेव्हरंड टिळकांची गीतं असतात त्यात, चाल ऐकली तर आपल्या भजनी मंडळातल्या माणसाचीसुद्धा मान डोलेल. मग प्रभूची प्रार्थना. आणि त्यानंतर जे होतं ते मला जास्त आवडतं, बाई विचारतात कुणाच्या घरी कोण आजारी आहे का, कुणाला काही सांगायचंय का, आणि पोरं हात वर करतात. कुणाची आजी सीपीआर दवाखान्यात अॅडमिट, कुणाच्या वडलांचं काम सुटलंय. एकदा दुसरीतला एक पोरगा उठून म्हणाला मामाची म्हस दोन दिवस वैरणीला तोंड लावत नाही. मागं पोरं फिदीफिदी हसायला लागली, पण बाईंनी डोळे मिटून त्या म्हशीसाठी सुद्धा तितक्याच मनापासून मागणं मागितलं, आणि दुसऱ्या दिवशी परिपाठाला आठवणीनं विचारलं, म्हस कशी आहे रे. त्या पोराचा चेहरा बघायला पाहिजे होता. वर्गातल्या कुणाच्या घरात काय चाललंय हे बाईंना ठाऊक असतं ते असं, आणि मग एखादा पोरगा डबा न आणता आला तर का नाही आणला हे त्याला चारचौघात विचारायची वेळ येत नाही.

आता जोतिबाच्या यात्रेचं बघा. चैत्रात निम्मा वर्ग गैरहजर असतो, आणि दुसऱ्या दिवशी पोरं गुलालानं गुलाबी झालेली डोकी घेऊन बाकावर बसतात, वह्यासुद्धा गुलाबी होतात. कुणी ओरडत नाही. उलट तिसरीच्या बाई, ज्या स्वतः दर रविवारी न चुकता चर्चला जातात, यात्रेतली सासनकाठी किती उंच होती, कुठल्या गावची होती हे खोदून खोदून विचारतात. धर्मप्रचार करणारी माणसं असं करत असतील तर आमच्या प्रचाराचीच काळजी घेतायत म्हणायची.

वर्षातला माझा सगळ्यात आवडता कार्यक्रम मात्र नाताळ नाही, हार्वेस्टचा सण. पोरांनी घरून जे जमेल ते आणायचं, भाजी, ऊस, गुळाची ढेप, अंडी, मागं एकानं जिवंत कोंबडी आणली होती आणि ती ऑफिसात शिरली. मग मैदानात लिलाव. लिलाव करायला चर्चचे पाळकसाहेब स्वतः उभे राहतात आणि काय बोली लावतात राव, मार्केट यार्डातला दलाल गप्प बसेल. मेथीची एक पेंडी शंभराला गेली, घेणाऱ्यानं ती तिथंच परत लिलावाला ठेवली, मग दीडशेला गेली, त्यानंही परत दिली. तिसऱ्यांदा ती पेंडी एका मुस्लिम पालकानं घेतली, त्यांचा फळांचा गाडा आहे, आणि घेऊन बायकोला म्हणाले सोन्याची मेथी आणली, जपून निवड. त्या पैशातून ज्यांना वह्या-गणवेश जमत नाहीत त्यांचं भागतं, आणि कुणाचं भागवलं हे जाहीर होत नाही.

नाताळच्या गोठ्याचंही सांगायचं राहिलं. येशूजन्माचा मातीच्या बाहुल्यांचा देखावा चौथीची पोरं मांडतात, आणि गेल्या वर्षी मेंढपाळ कमी पडले म्हणून पोरांनी दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे आणून उभे केले. गव्हाणीत बाळ, शेजारी गाय, आणि बाजूला ढाल-तलवार घेऊन चार मावळे पहाऱ्याला! हेडमास्तर बघून पोट धरून हसले, आणि काढायला लावले नाहीत. फराळाला करंज्या आणि चकल्या, केकचा तुकडा त्यातच.

हे सगळं आपल्या गावाला नवीन आहे असंही नाही. रॉयल वायल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी 1852 मध्ये कोल्हापुरात आले आणि त्यांनी इथं शाळा काढल्या, त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये कोल्हापुरातच जन्मला, त्यांच्याच नावाचं चर्च आजही शहरात आहे. शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला, आणि वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं उभी केली त्यात ख्रिश्चन पोरांचंही होतं. बाबूजमाल तालमीत गणपती आणि मोहरमचा पंजा एकाच वेळी आले तर शेजारी शेजारी बसतात, त्याचे फोटो आपण कौतुकानं स्टेटसला टाकतो. आणि मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात आपल्या किती घरातली माणसं बरी होऊन आली, तिथं कॉटजवळ प्रार्थना झाली म्हणून कुणी उठून पळून आलं का? धर्मांतराची भीती घालणाऱ्यांनी 2011 ची जनगणना उघडून बघावी, महाराष्ट्रात ख्रिश्चन एक टक्क्याच्याही आत आहेत, साधारण 10 लाख 80 हजार. पावणेदोनशे वर्षं व्हायला आली शाळा काढून. त्या शाळांतून शिकून बाहेर पडलेले आपण सगळे जिथल्या तिथंच आहोत.

आता आक्षेप घेणाऱ्यांची एक बाजू मला मान्य आहे. घटनेच्या कलम 28 (3) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणालाही संमतीशिवाय उपासनेला किंवा धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, आणि पोरं लहान असल्यानं ती संमती पालकांची लागते. आमच्या शाळेनं ती कधी लेखी घेतलीच नाही, अॅडमिशनच्या वेळी फॉर्म भरून घेताना जातीच्या दाखल्यापासून आधारपर्यंत सगळं मागितलं, हे नाही मागितलं. ही चूक आहे आणि ती सुधारायला एक कागद पुरे. ज्याला नको त्यानं नको लिहून द्यावं, त्याचं पोर तेवढी दहा मिनिटं वाचनाच्या खोलीत बसेल. पण त्याच घटनेत कलम 30 पण आहे, अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क देणारं. एकाला नको म्हणून सगळ्यांचाच कार्यक्रम गुंडाळायचा, हे कुठल्या कलमात बसतं?

मॅनेजमेंटला पण सांगायचंय. मराठी शाळांचे पट कसे घसरतायत हे सगळे बघतोय, एकेक पोर टिकवायला शिक्षक सुट्टीत दारोदार फिरतात, त्यामुळं पालक नाराज होतील ही भीती मला समजते. पण आम्ही पोरं तुमच्याकडं घातली ती तुम्ही जसे आहात ते बघून घातली. इमारत पडकी आहे, कॉम्प्युटर चारच चालतात, शेजारची इंग्लिश मीडियम शाळा चकचकीत आहे, तरी घातली. मेंढपाळ काढून टाकून, पेटी बंद करून, नाताळला 'स्नेहसंमेलन' म्हणून तुमच्याकडं वेगळं काय उरतं, मग आम्ही तिकडंच नाही का जाणार?

तर माझी मागणी एवढीच आहे, संमतीचा फॉर्म याच महिन्यात वाटा आणि कार्यक्रम ठरल्याप्रमाणं डिसेंबरातच घ्या. शनिवारी पालकसभा आहे. ग्रुपवर अंगठे देणाऱ्यांनी तिथं येऊन तोंडावर बोलावं, मी येतोय, आणि माझ्याबरोबर ते मेथीवाले पालक पण येतायत. धाकट्याला यंदा कार्यक्रमात मेंढपाळाचं काम मिळालं होतं, त्यासाठी आणलेलं घोंगडं घरात पडून आहे, ते परत करायचं की ठेवायचं हे शनिवारी ठरेल.

आपला,
एक पालक, शाहूपुरी, कोल्हापूर