साडेतीन महिन्यांच्या डोसाबरोबर बाळाच्या झोपेचेही सांगावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या घरी चार महिन्यांची नात आहे. रात्री एकदाच दूध पिऊन पहाटेपर्यंत निजणारी ही मुलगी गेल्या महिन्यात अचानक दर तासा-दीड तासाने उठून रडू लागली. ती आईच्या माहेराहून आमच्याकडे आल्याला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. साहजिकच घरात निदाने सुरू झाली : जागा मानवली नाही, दृष्ट लागली, अंगावरचे दूध पुरत नाही. यातले शेवटचे निदान माझे होते आणि पावडरीच्या दुधाचा आग्रहही माझाच होता, हे आधीच कबूल करते.

सुनेने डबा आणू दिला नाही. तिने बाळाचे वजन करून घेतले, ते नीट वाढत होते. दिवसातून सात-आठ वेळा लंगोट ओला होत होता, ताप नव्हता, दूध ओढणेही नेहमीसारखेच होते. मग बालरोगतज्ज्ञांनी जे समजावले ते दोन मुले वाढवूनही मला ठाऊक नव्हते. पहिल्या आठवड्यांत बाळ चोवीस तासांत 14 ते 17 तास झोपते खरे, पण त्या झोपेला दिवस-रात्र नसते. तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास मेंदूतले रात्रीचे घड्याळ बसू लागते आणि झोपेला मोठ्या माणसांसारखे हलक्या-गाढ झोपेचे टप्पे पडतात. दीडेक तासाने एक फेरी संपली की आपण कूस बदलून पुन्हा झोपतो. बाळ मात्र मांडीवर झोपलेले असते आणि अंथरुणावर जागे होते, म्हणून ते रडून पुन्हा मांडी मागते. म्हणजे बिघाड नव्हे, तर वाढ चालू असते.

आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाऊन तिसऱ्या महिन्याच्या आसपास सासरी परतण्याची रीत अजून बरीच टिकून आहे, आणि नेमका हाच झोप बदलण्याचा काळ असल्याने ‘तिकडे शांत झोपायची, इथेच काय झाले’ हा प्रश्न सुनेच्या वाट्याला येतो. नोकरदार आईची अडचण आणखी वेगळी. कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची प्रसूतिरजा मिळते, पण त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधीच घेतले असतील, तर बाळ सव्वाचार महिन्यांचे होताच रजा संपते आणि रात्रभर जागलेल्या बाईला सकाळी लोकल गाठावी लागते. अशा थकव्यातच कोणीतरी बाळ झोपावे म्हणून सर्दीचे औषध चमचाभर पाजण्याचा सल्ला देते. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची गोळी देत, त्यांचा तरी नाइलाज होता. गुंगी आणणारी औषधे या वयात जिवावर बेतू शकतात. चार वर्षांखालील मुलांना सर्दीच्या एका प्रचलित मिश्रणाचे औषध देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2023 मध्ये दिला, तो उगीच नव्हे.

माझी विनंती आरोग्य विभागाला आहे. सरकारी वेळापत्रकात दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस झाले की पुढची लस थेट नवव्या महिन्यात येते. आशाताईंच्या ठरलेल्या गृहभेटीही तिसऱ्या आणि मग सहाव्या महिन्यात असतात. झोप विस्कटण्याचे दिवस या मधल्या पोकळीत पडतात. साडेतीन महिन्यांच्या डोसाला आईसोबत बहुधा आजी असतेच. त्या दोघींना बसवून, आता काही आठवडे रात्री मोडतील, वजन वाढत असेल तर दूध पुरते आहे, सहा महिने वरचे काही नको, बाळाला पाठीवरच निजवा आणि ताप आला, दूध सोडले, बाळ मलूल झाले किंवा धापा टाकू लागले तर मात्र थांबू नका, एवढे सांगायला पाच मिनिटे पुरतात. वडील आले असतील तर त्यांनाही बसवावे.

आमच्याकडे आता रात्री दोनपर्यंत मुलगा उठतो. नात भुकेली असेल तरच सुनेला हाक मारतो, एरवी थोपटूनच निजवतो. सकाळी उजाडले की मी तिला ओसरीवर उजेडात घेऊन बसते, तेव्हा सुनेला दोन तास सलग झोप मिळते. नात अजूनही तीनदा उठते, पण दुधाचा विषय घरात पुन्हा निघालेला नाही. माता व बाल संरक्षण कार्डावर लसींच्या तक्त्याखाली या माहितीपुरत्या चार ओळींची जागा सहज निघेल.

आपली,
एक आजी, सातारा