आपटा लावताना

प्रिय विनायक,

स. न. वि. वि.

शाळेच्या आवारात आपटा लावायचं ठरलं हे कळून फार बरं वाटलं. फक्त रोप नीट पारखून घे, कारण आपटा म्हणून सर्रास कांचन गळ्यात मारतात. दसऱ्याच्या बाजारातल्या जुड्यांतही बहुधा तोच असतो. आपट्याचं पान दोन ते पाच सेंटिमीटरचं, लांबीपेक्षा रुंद, जाड आणि खरखरीत. कांचनाचं बरंच मोठं आणि पातळ. रोपावरून खात्री पटेना तर बी कुठल्या झाडाचं ते विचार. आपट्याला उन्हाळ्यात बारीक, पिवळसर पांढरी फुलं येतात आणि त्याची शेंग वाळली तरी मिटलेलीच राहते. कांचनाची तडकून पिळवटते.

मुळात विजयादशमीचा मान शमीचा. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं तिच्यावरच लपवली. शमी न मिळाल्यास अश्मंतक, म्हणजे आपटा पुजावा, असं धर्मसिंधू या धर्मशास्त्राच्या ग्रंथात सांगितलं आहे. मला यात जमिनीचं शहाणपण दिसतं. शमी, आपला सौंदड, कोरड्या मुलखातलं झाड. भरपूर पावसाच्या कोकणात ते कुठून आणणार? रघुराजा, कौत्स आणि कुबेराच्या चौदा कोटी सुवर्णमुद्रांची कथाही आपल्याकडे आपट्यालाच चिकटली.

शमीचा मान मात्र दूरवर पसरलेला आहे. म्हैसूरची दसऱ्याची मिरवणूक राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत जाते; बन्नी म्हणजे शमीच. तेलंगणात जम्मीची पानं सोनं म्हणून थोरांच्या हाती देऊन नमस्कार करतात. आणि राजस्थानात हीच खेजडी. 1730 साली जोधपूरच्या राजाची माणसं चुनाभट्टीच्या लाकडासाठी खेजडली गावात आली, तेव्हा अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभी राहिली. तिच्यासह बिश्नोई समाजाच्या 363 जणांनी प्राण दिले, असं सांगतात. झाडाला पवित्र मानणं म्हणजे काय, हे मुलांना सांगायचं तर आधी ही गोष्ट सांग.

पूजा उभ्या झाडाचीच व्हावी. बुंध्याशी तांदूळ, सुपारी, नाणं ठेवावं आणि देण्यापुरतं एकेक पान देठासकट खुडावं. फांदी ओरबाडली की साल खोडापर्यंत सोलत जाते, त्या जखमेतून बुरशी आणि खोडकिडा शिरतो. पहिली चार-पाच वर्षं तर पानालाही हात लावू देऊ नकोस.

रोप मिळालंच नाही तर बी लाव. शेंगा फोडून बी काढायचं, उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवायचं. कवच टणक असतं, त्यामुळे तसंच पेरलं तर बरंचसं बी उगवतच नाही. फुगलेलं तेवढं सेंटिमीटरभर खोल पेर. पिशवी उंच घे. आखूड पिशवीत सोटमूळ तळाशी गुंडाळतं आणि झाड पुढे वाढत नाही. पाऊस लागला की दीड फुटी खड्ड्यात लाव. वाढ सावकाश असते, तेव्हा शेळ्यांपासून जपायला कुंपण हवंच.

रोपं आणलीस की पानाशेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो पाठव, म्हणजे आकार नेमका कळेल. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
श्रीधर