साथीच्या काळातील हृदयझडपेचा ताप : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

विषाणूच्या साथीत ताप, धाप आणि थकवा घेऊन आलेल्या रुग्णाची आधी विषाणूचीच चाचणी होते आणि ते योग्यच आहे. मात्र ज्याच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली आहे किंवा ज्याला पूर्वी झडपेचा जंतुसंसर्ग, म्हणजे एंडोकार्डायटिस, होऊन गेला आहे, त्याला चाचणी निगेटिव्ह आली एवढ्यावरून घरी पाठवणे जिवावर बेतू शकते. कारण या आजाराची सुरुवातही अशीच होते आणि उपचार न मिळाल्यास तो बहुधा प्राणघातक ठरतो. चाचणी पॉझिटिव्ह आली तरी झडपेवरचा संशय संपत नाही, दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात.

खरी गफलत होते ती पहिल्याच गोळीपाशी. कोविड-१९च्या साथीत अ‍ॅझिथ्रोमायसिन सर्रास दिले गेले. विषाणूवर त्याचा उपयोग नव्हताच. पण असे अँटिबायोटिक आधी पोटात गेले की ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जिवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, अनेकदा जिवाणू उगवत नाहीत आणि पुढचे कित्येक आठवडे डॉक्टरांना अंदाजाने औषधे द्यावी लागतात. म्हणून अशा रुग्णांत अँटिबायोटिकची पहिली मात्रा देण्याआधी वेगवेगळ्या ठिकाणच्या शिरांतून ब्लड कल्चरचे तीन संच घेणे सक्तीचे करावे. या कामाला लागतात त्या फक्त बाटल्या, निर्जंतुक हात आणि थोडा धीर.

झडप पाहण्यासाठी अन्ननलिकेतून केल्या जाणाऱ्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, कर्मचाऱ्यांना विषाणूसंसर्गाचा धोका असतो, हे मान्य. परंतु त्यासाठी ती तपासणी सरसकट बंद न करता कर्मचाऱ्यांना पुरेशी संरक्षक साधने द्यावीत आणि निवडक रुग्णांत हृदयाच्या सीटी स्कॅनचा आधार घ्यावा.

या आजारात शिरेतून औषध देण्याचा काळ साधारण ४ ते ६ आठवड्यांचा असल्याने खाटांची चिंता मला समजते. प्रकृती स्थिरावलेल्या निवडक रुग्णांना पहिल्या टप्प्यानंतर तोंडाने औषधे देता येतात, हे डेन्मार्कमधील ‘पोएट’ नावाच्या वैद्यकीय अभ्यासाने दाखवले आहे. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ही सोय करावी.

‘तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकला’ असा आदेश काढताना मात्र त्यात स्पष्ट अपवाद नोंदवावा : झडपेच्या संसर्गामुळे हृदय निकामी होऊ लागले असेल किंवा औषधांनी संसर्ग आटोक्यात येत नसेल, तर ती शस्त्रक्रिया साथीच्या नावाखाली थांबवू नये.

आपला नम्र,
एक हृदयरोगतज्ज्ञ